ठोकळ्यांच्या कोपऱ्यात काय चाललंय?

(दृश्य: बालवाडीची खोली. एका कोपऱ्यात लाकडी ठोकळे, चार-पाच मुलं. सुरुवातीला फक्त त्यांचाच आवाज.)

हा बालवाडीतला ठोकळ्यांचा कोपरा. आज आपण इथंच बसणार आहोत, कुठं लांब जायचं नाही. मुलं खेळातून शिकतात हे वाक्य आपण सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी ते तपासून बघत नाही, मान डोलावतो आणि थोड्या वेळानं त्याच मुलाला म्हणतो, चल, पुरे झालं खेळणं, आता काहीतरी शिकू या. म्हणून सल्ले वगैरे नंतर, आधी नुसतं बघू.

तो हिरव्या शर्टातला मुलगा बघा. दोन वर्षांच्या जरासा पुढे असेल. त्यानं अजून एकही ठोकळा दुसऱ्यावर ठेवलेला नाही. एक उचलतो, खोलीच्या त्या टोकाला नेऊन ठेवतो, परत येतो, दुसरा उचलतो, हेच चाललंय मघापासून. मोठ्या माणसाच्या हाताला इथं लगेच खाज सुटते, की अरे याला खेळता येत नाहीये, जरा मनोरा कसा करतात ते दाखवू या. नका दाखवू. त्याचं काम चालू आहे. लांब ठोकळा टोकाला धरला की कलंडतो आणि मधोमध धरला की कलंडत नाही, दोन एकदम घेतले तर तिसऱ्यासाठी हात उरत नाही, हा दिसायला छोटा आहे पण जड आहे, हे सगळं त्याच्या हाताला कळतंय, आणि हे तोंडानं सांगून कळणाऱ्यातलं नाही.

न्यूयॉर्कमध्ये नर्सरी स्कूल चालवणाऱ्या हॅरिएट जॉन्सन यांनी मुलांची ठोकळ्यांची बांधकामं बारकाईनं बघितली आणि १९३३ मध्ये त्याचे टप्पे मांडले. पहिला टप्पा हाच, नुसतं वाहून नेणं. मग रांगा आणि मनोरे. मग पूल, म्हणजे दोन ठोकळे थोड्या अंतरावर उभे आणि वर तिसरा आडवा. मग कुंपण, चारी बाजूंनी बंद केलेली जागा. मग नक्षी, डावीकडे जे तेच उजवीकडे. मग बांधलेल्याला नाव देणं, आणि सगळ्यात शेवटी खऱ्याखुऱ्या गोष्टी बांधणं, स्टेशन, धरण, दवाखाना. वय पुढे-मागे होतं, कुणी एका टप्प्यावर महिनोन्महिने रेंगाळतं, कुणी झपकन पुढे जातं, आणि मोठं मूल जर पहिल्यांदाच ठोकळे हातात घेत असेल तर तेही आधीचे टप्पे भराभर का होईना पण करूनच पुढे जातं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की हा क्रम कुठल्या ताईंनी शिकवलेला नाही.

(दृश्य: दोन ठोकळे उभे. एक मुलगी तिसरा आडवा ठेवतेय. पडतो. पुन्हा ठेवते. पुन्हा पडतो.)

पुलावर जरा थांबू या. ही मुलगी साधारण तीन-साडेतीन वर्षांची. दोन ठोकळे उभे केलेत, वर आडवा ठेवायचाय, पण मधली जागा जास्त झालीये, ठोकळा पोचत नाही, पडतो. ती तोच ठोकळा पुन्हा तसाच ठेवते, पुन्हा पडतो. मग तो फिरवून बघते. मग जरा दाबून बघते, जणू दाबल्यानं लांब होईल. आणि आता बघा... तिनं वरचा ठोकळा सोडला आणि खालचा सरकवला.

एवढंच झालं, पण केवढं झालं. अडचण वरच्या ठोकळ्यात नाही, खालच्या अंतरात आहे, हे तिला कळलं. ज्याच्याकडे बघत होती त्यावरून नजर काढून दुसरीकडे उत्तर शोधलं तिनं. बरं आणखी एक मार्ग होता, दुप्पट लांबीचा ठोकळा आणायचा, तो बहुतेक उद्या-परवा सापडेल. हे ठोकळे त्याच हिशोबानं केलेले असतात. कॅरोलाइन प्रॅट या शिक्षिकेनं ते घडवले, तिनं १९१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांची शाळा सुरू केली होती. मूळ ठोकळा ५.५ इंच लांब, २.७५ इंच रुंद आणि १.३७५ इंच जाड, म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी, आणि बाकीचे ठोकळे याच्या निम्मे, दुप्पट, चौपट. मुलाला भिंत पुरी करायची असते, मोठे ठोकळे संपलेले असतात, मग ते दोन छोटे जोडून लावतं आणि बरोब्बर बसतात. अपूर्णांक हा शब्द त्याला पुढे कितीतरी वर्षांनी भेटेल, पण दोन निम्मे मिळून एक होतो हे त्याच्या हातानं आधीच करून ठेवलंय.

आणि ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकानं १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावात लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला नाव दिलं किंडरगार्टन. त्याच्या साहित्यात एक लाकडी घन होता, जो उघडला की आठ छोटे घन निघायचे, सुटे करायचे, पुन्हा जोडायचे, त्यातून खुर्ची करायची, जिना करायचा. लहान मुलांच्या शिक्षणाची सुरुवात हातात ठोकळे देऊन झाली, वह्या खूप नंतर आल्या. हे आज सांगायला लागतं कारण बऱ्याच ठिकाणी अडीच-तीन वर्षांच्या मुलांना ओळीत बसवून अक्षरं गिरवायला लावतात, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. त्या वयात मनगटातली हाडंसुद्धा पूर्ण तयार झालेली नसतात. खांदा, कोपर, मनगट, बोटं या क्रमानं ताकद आणि ताबा यायचा असतो, तो ठोकळे वाहून, वाळू उपसून, माती मळून, लोंबकळून येतो, आणि तो आला की पेन्सिल फार त्रास न देता हातात बसते.

(दृश्य: एक मुलगा ठोकळा कानाला लावून बोलतोय. बाजूला बाहुली आडवी.)

आता इकडे दवाखाना सुरू झालाय. ठोकळा फोन आहे. मघाशी हाच ठोकळा पूल होता. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं, त्यात त्यांनी काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचं उदाहरण घेतलं. डोळ्यांना काठी दिसते पण मूल वागतं ते घोड्याच्या अर्थानं, म्हणजे वस्तू आणि तिचा अर्थ पहिल्यांदा वेगळे होतात. पुढे तीन ही खूण तीन वस्तूंसाठी वापरायची, आणि 'क' ही आकृती एका आवाजासाठी, हे सगळं त्याच क्षमतेवर उभं राहतं. म्हणून जे मूल आज ठोकळ्याला फोन म्हणतंय ते वाचनाच्या वाटेवरच आहे, वाट जरा वळणाची दिसते इतकंच.

आणि ऐका त्यांचं बोलणं. 'तू डॉक्टर ना, मग रडायचं नाही, डॉक्टर नसतो रडत.' दवाखाना म्हटला की नियम आले, आणि ते मुलं स्वतःहून पाळतात. एरवी एका जागी बसत नाही अशी तक्रार ज्याच्याबद्दल असते तो पेशंट होऊन किती वेळ गप पडून राहिलाय बघा. मॅन्युइलेंको या सोव्हिएत संशोधिकेनं १९४८ मध्ये याच्यावरच प्रयोग प्रसिद्ध केला होता, मुलांना नुसतं 'हलायचं नाही, उभं राहायचं' असं सांगितलं तर ती थोडाच वेळ उभी राहायची, पण 'तू पहारेकरी आहेस' म्हटलं आणि आजूबाजूला इतर मुलांचा खेळ चालू असला की तीच मुलं कितीतरी जास्त वेळ स्तब्ध उभी राहायची. स्वतःला आवरणं, ज्याला आपण शिस्त म्हणतो, ते या वयात ओरडून येत नाही तितकं भूमिकेतून येतं.

बरं, त्या खिडकीपाशी एकटी उभी आहे तिच्याकडे लक्ष गेलं का? तिच्या आई-बाबांना काळजी वाटत असेल की ही कुणात मिसळत नाही. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेनं १९३२ मध्ये नर्सरीतल्या मुलांचं निरीक्षण करून मुलं एकमेकांत कशी कशी वावरतात त्याचे प्रकार सांगितले, एकट्यानं खेळणं, शेजारी-शेजारी पण आपापलं खेळणं, एकमेकांत मिसळून खेळणं, मिळून एकच खेळ रचणं, आणि त्यात एक प्रकार नुसतं बघत राहण्याचाही आहे. ही मुलगी दवाखान्याकडे टक लावून बघतेय, ओठ हलतायत तिचे. ती आत्ता आत शिरायची जागा शोधतेय. तिला हाताला धरून मध्ये नेऊन 'हिला पण घ्या रे' म्हटलं तर बहुतेक ती आक्रसेल, त्यापेक्षा ताईंनी तिच्या शेजारी जाऊन बसावं, तिच्याबरोबर बघावं, आणि फार तर म्हणावं, दवाखान्यात औषध कोण देतंय गं?

(दृश्य: दोघं एकाच लांब ठोकळ्याला धरून ओढतायत.)

भांडण. दोघांना तोच ठोकळा हवाय. इथं मोठ्यांचा हस्तक्षेप सेकंदात येतो, आणि मारामारी होत असेल, कुणाला लागणार असेल तर यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण इथं तसं नाहीये. ताई जवळ आल्यात, खाली बसल्यात, ठोकळा काढून घेतला नाही. म्हणाल्या फक्त, 'दोघांना हा हवाय. आता काय करायचं?' आणि गप्प बसल्या. ही गप्प बसायची जी काही सेकंदं असतात ना ती फार कठीण असतात. मुलांनी काय काढलं तर आधी याचा रस्ता, मग तोच रस्ता त्याच्या गॅरेजपर्यंत न्यायचा. हे न्याय्य आहे की नाही यावर मोठी माणसं वाद घालतील पण त्या दोघांचं जमलं.

आता मुख्य प्रश्न, मग मोठ्यांनी करायचं काय? काहीच नाही? असं अजिबात नाही. २०११ मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. एक नवीन खेळणं केलं होतं, त्यात चार करामती लपवलेल्या, एक नळी ओढली की आवाज, एकीकडे दिवा, एकीकडे संगीत, एकीकडे आरसा. काही मुलांना शिकवल्यासारखं सांगितलं, बघ हं, हे असं चालतं, आणि नळी ओढून दाखवली. दुसऱ्या काही मुलांसमोर तोच आवाज जणू चुकून झाला. ज्यांना शिकवलं ती मुलं बराचसा वेळ तीच नळी ओढत बसली, बाकीच्या करामती त्यांना कमी सापडल्या, आणि खेळणं सोडलंही लवकर. यात मुलं मंद नव्हती, उलट हुशार होती, त्यांनी हिशोब केला की जाणकार माणसानं एवढंच दाखवलंय म्हणजे यात एवढंच असणार. आपण दाखवतो ते मुलं शिकतातच, पण न दाखवलेलं शोधायचं ती थांबवतात, आणि ही किंमत आपल्या लक्षात येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या संशोधकांनी तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांना २१ लाकडी तुकड्यांचा पिरॅमिड करायला दिला होता, सोबत एक शिकवणारी व्यक्ती, जिनं शक्य तेवढं मुलालाच करू द्यायचं आणि अडलं तरच मदत करायची. तीन वर्षांच्यांना कामात ओढून घ्यावं लागलं, करून दाखवावं लागलं, चार वर्षांच्यांना बोलून दिलेली सूचना पुरली, पाच वर्षांच्यांना फक्त 'बरोबर आहे ना?' एवढं विचारायला कुणीतरी हवं होतं. म्हणजे मदत करायची, पण मुलाच्या हालचालीवरून ठरवून, आणि हात काढून घ्यायची वेळ झाली की काढून घ्यायची. पुलाच्या वेळी ती मुलगी दहा वेळा पाडून रडकुंडीला आली असती तर ताई म्हणाल्या असत्या, खालचे दोघं जरा लांब उभे आहेत का गं? इतकंच. पण ते पहिल्याच पडण्याला म्हणायचं नाही.

आणि वेळ. याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. वेळापत्रकात वीस मिनिटं 'फ्री प्ले' लिहिलेलं असतं, त्यातली पहिली दहा मिनिटं कोण काय होणार, कुठला ठोकळा कुणाचा, हे ठरवण्यातच जातात, खेळ आत्ता कुठं सुरू होतो आणि बेल वाजते, आवरा! असं रोज झालं की मुलं मोठं काही बांधायला घेतच नाहीत, आवरायचंच आहे तर कशाला. सलग तासभर तरी द्या. खेळणीही फार लागत नाहीत, उलट बटण दाबलं की स्वतःच सगळं करणारी खेळणी जेवढी कमी तेवढं बरं. सायमन निकोल्सन या कलाकारानं १९७१ मध्ये सुट्या वस्तूंची कल्पना मांडली होती, हलवता येतील, जोडता-मोडता येतील अशा वस्तू जितक्या जास्त तितकं मुलांच्या डोक्याला काम जास्त. खोके, दोऱ्या, कापड, फळ्या, पाणी, वाळू, झाकणं. गिळता येईल एवढं छोटं काही नको आणि नजर हवी, बाकी मुलं बघून घेतात.

(दृश्य: आवरायची वेळ. पालक दारात. बांधकाम तसंच उभं, भोवती खडूची रेघ.)

आता पालक न्यायला येतील आणि विचारतील, आज काय शिकलास? मूल म्हणेल, काही नाही, खेळलो. त्या उत्तरावर नाराज होऊ नका आणि ताईंना वहीत काय लिहून घेतलं तेही लगेच विचारू नका. त्यापेक्षा विचारा, आज काय बांधलंस, पडलं का, कसं पडलं, मग काय केलंस, सोबत कोण होतं. एवढे प्रश्न विचारले की ती मुलगी घरी पोचेपर्यंत पुलाबद्दल बोलत राहील, आणि ते बोलणं मागे जाऊन आठवून, क्रम लावून, शब्द शोधून केलेलं असेल. आणि बालवाडीच्या ताई-दादांना एक विनंती, अर्धवट राहिलेलं बांधकाम पाडून जागा साफ करायची घाई नका करू, खडूनं भोवती रेघ मारा, 'उद्या पुढे' अशी पाटी लावा, झाडायला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवा. उद्या सकाळी हिरवा शर्ट येईल, त्याच्या रांगेत अजून सहा ठोकळे नेऊन ठेवायचेत.