पोंग्यातली अळी, दिल्लीतली अक्षरं

[पहाट. पलूस तालुक्यातलं मक्याचं रान. कॅमेरा पोंग्यावर.]

पोंगा, म्हणजे शेंड्याच्या पानांची गुंडाळी, बोटांनी उकलला की आधी दिसतो ओला भुसा. वाटतो लाकडाचा, पण असते अळीची विष्ठा. त्याखाली ती बसलेली. कपाळावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. खूण पटली. अमेरिकन लष्करी अळी.

भारतात ती पहिल्यांदा सापडली २०१८ च्या मे महिन्यात, कर्नाटकात. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात उसावरही दिसली.

आणि गंमत बघा, त्याच्या चार वर्षं आधी, २०१४ साली, दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी हिच्या जीनोमचा, म्हणजे डीएनएतल्या सगळ्या मजकुराचा, कच्चा आराखडा छापलासुद्धा होता! रानात अळी नसताना? हो. तिच्या कोषातल्या अंडाशयाच्या पेशी १९७० च्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. डीएनए त्यातलाच. अशाच पेशींत कोरोनावरच्या कोवोव्हॅक्स लशीचं प्रथिन तयार होतं, आणि ती लस बनली पुण्यात. तेव्हा ज्यांनी ती टोचून घेतली, त्यांची या अळीशी सोयरीक जुनी आहे.

[प्रयोगशाळा. पडद्यावर ए, टी, जी, सी.]

डीएनएची ही चार अक्षरं. हिच्या जीनोममध्ये अशी सुमारे ४० कोटी अक्षरं. ती सलग वाचता येत नाहीत. तुकडे वाचायचे आणि मग जुळवत बसायचं. त्यात या अळीच्या एका पतंगात आईकडची एक प्रत, बापाकडची एक, आणि दोन्हींत इतका फरक, की संगणक एकाच गावाची दोन गावं मोजतो.

२०१७ साली आणखी नेटकी जुळणी झाली, तेव्हा चव ओळखणाऱ्या प्रथिनांची, म्हणजे ग्राहींची, जनुकं निघाली २३१. निव्वळ तुतीवर जगणाऱ्या रेशीमकिड्यात ती शंभरही नाहीत. यातली बहुतेक कडू चवीच्या गटातली. मका, ज्वारी, ऊस, समोर येईल ते हिला कसं चालतं, याचा एक धागा तिथे असावा.

[बांधावर रिकामी बाटली.]

"दोनदा मारलं औषध. हिला काय फरकच न्हाई," रानातल्या मावशी म्हणतात.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध किडीच्या मज्जासंस्थेतलं एक एन्झाइम बंद पाडतं. आफ्रिका आणि आशियात पसरलेल्या पतंगांचे जीनोम तपासले, तेव्हा त्या एन्झाइमचं जनुकच बऱ्याच ठिकाणी बदललेलं निघालं. म्हणजे औषध पचवायची ताकद ती येतानाच घेऊन आली. अर्थात, दर वेळी जनुकावर खापर फोडू नये. पोंग्यात खोल बसलेल्या अळीपर्यंत पुष्कळदा फवारा पोचतच नाही.

[संध्याकाळ. कामगंध सापळा, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा.]

सापळ्यात तीन नर. चिमट्याने एक उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकला. जनुकातला तो बदल तपासायला त्याचा एक पायही पुरेल.

पलीकडे मावशींनी घमेल्यात नऊ भाग कोरडी वाळू आणि एक भाग चुना कालवलाय. चिमूटभर या पोंग्यात, चिमूटभर पुढच्या. ओळ अजून अर्धी बाकी आहे.