30 सप्टेंबरचा पट

(दृश्य: डोंगराच्या पायथ्याची शाळा. प्रार्थना संपते आहे. मुलं रांगेत उभी.)

आज 30 सप्टेंबर. एकही लेकरू घरी ठेवू नका, असा निरोप सरांनी काल संध्याकाळीच वस्तीवर पाठवला होता. ताप असला तरी तासभर पाठवा, पण पाठवा.

या घाईमागे हिशेब आहे. आजच्या तारखेला पटावर किती मुलं, यावर शाळेची संचमान्यता होते. इथं शिक्षक दोन राहणार की एकच उरणार, ते आजचा आकडा ठरवतो. मुलं मोजण्याची ही धास्ती जुनी आहे. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली होती. मतदाराला लावतात तशी.

आज मात्र कुणाला खोटं मोजायची गरज नाही. वर्ग खरोखरच भरलेला आहे. हा वर्ग नीट पाहून ठेवा. महिन्या-दीड महिन्यात तो असा दिसणार नाही.

(दृश्य: रस्त्यावर ट्रॅक्टर. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, सायकल, माणसं.)

हा बीड जिल्हा. गावाचं नाव सांगत नाही. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, यातल्या कुठल्याही तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात कॅमेरा लावला असता तरी हेच दिसलं असतं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाच्या फेऱ्या वाढतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, पावसाळ्यातच घेतलेली असते आणि ती खर्चूनही झालेली असते. दिवाळी होते न होते तोच ट्रॉल्या भरायला लागतात. सांगली, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर, कुणी थेट कर्नाटकात.

ऊसतोडीत माणसं मोजायचं माप आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत कोयत्यांची नोंद असते, दिलेल्या उचलीची असते, बैलजोडीची असते. ट्रॉलीत बसलेल्या लेकरांची मात्र त्या वहीत कुठंच नोंद नसते. ती दुसऱ्या वहीत असते, शाळेच्या हजेरीपटात. तिथं नोव्हेंबरपासून त्यांच्या नावापुढं रोज एकच शेरा पडत जातो. गैरहजर.

हा शब्द मला खटकतो. हे लेकरू गैरहजर नसतं. ते दुसरीकडं हजर असतं.

(दृश्य: पहाटेचा अंधार. उसाच्या फडात विजेऱ्या हलताहेत.)

पहाटे चारच्या सुमारास फडात तोड सुरू होते. आई-बाप निघाले की कोपीवर, तळावरच्या झोपडीत, उरतं ते दहा-बारा वर्षांचं पोर. धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, चुलीवर भाकरी टाकायची, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायच्या. बैलगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ एका जागी पडतो, तिथल्या मुलांना निदान जवळची शाळा माहीत होते. ट्रॅक्टरवर जाणाऱ्या टोळ्यांचं तसं नाही. हा फड संपला की पुढचा, तो संपला की आणखी पुढचा. शाळा कुठली आणि किती दिवसांसाठी?

यावर सरकारकडं उत्तर नाही असं नाही. शिक्षण हमी कार्ड आहे. ते घेऊन मूल जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. पण नोव्हेंबरच्या मधल्या कुठल्याशा दिवशी, पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या बागायती गावातल्या चौथीच्या वर्गात पाय ठेवताना त्या मुलाला काय वाटत असेल, हे कार्डावर लिहिता येत नाही. तिथली मुलं त्याला टोळीवाल्याचा म्हणतात. त्याच्या बोलण्याची ढब ऐकून हसतात. त्यातल्या एखाद्याच्या बापाच्या फडात याचे आई-बाप राबत असतात. दोघांचं पुस्तक एकच असतं, बालभारतीचं.

दुसरी सोय हंगामी वसतिगृहाची. नावात वसतिगृह असलं तरी बहुतेक ठिकाणी मुलं शाळेत जेवतात आणि झोपायला आजीकडं जातात. चांगली योजना आहे, खरंच चांगली. ज्या गावात ती वेळेवर सुरू होते तिथं बाकं भरलेली राहतात. अडचण ‘वेळेवर’ या शब्दाची आहे. ट्रॉली निघते त्या दिवशी वसतिगृहाची चूल पेटलेली नसेल, तर आई लेकराला कुणाच्या भरवशावर ठेवणार? ती त्याला उचलून ट्रॉलीत बसवते. मग पंधरा दिवसांनी मंजुरी येते, आणि ज्यांच्यासाठी ती आली ती मुलं दोनशे किलोमीटरवर असतात.

मुलगी वयात आलेली असेल तर प्रश्न आणखी अवघड. तिला मागं ठेवायची भीती, कोपीवर एकटी ठेवायचीही भीती. त्यात लग्न झालं की दोन अर्धे मिळून एक पूर्ण कोयता होतो, उचलही तशी मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. सातवी-आठवीच्या हजेरीपटातून मुलींची नावं का कमी होतात, ते पटावर शोधून सापडणार नाही.

(दृश्य: शाळेबाहेरचा रस्ता. पिवळी व्हॅन मुलं भरून निघून जाते.)

ही व्हॅन रोज सकाळी याच शाळेसमोरून जाते. तीत दुकानदाराचा मुलगा आहे, ग्रामसेवकाची मुलगी आहे, थोडं बागायत असणाऱ्यांची पोरं आहेत, आणि हो, शिक्षकांचीही मुलं आहेत. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि माझी मुलं व्हॅननं जातात.

आमच्या वेळी तलाठ्याचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एकाच बस्करपट्टीवर बसायचे. ते दिवस फार सोनेरी होते अशातला भाग नाही. पाण्याचा तांब्या कुणी कुणाला वरून ओतायचा, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण एक गोष्ट होती. वर्ग गळायला लागला की तलाठ्याचा मुलगाही भिजायचा, म्हणून आठवड्यात कौलं बदलली जायची. आता वर्गात भिजणारी सगळी मुलं अशांची आहेत, ज्यांच्या आई-बापांचं पंचायत समितीत कुणी ऐकत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं त्यावरही तोड काढली होती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतील, निम्म्या बाया असतील. कागदावर पाहिलं तर पालकांच्या हातात शाळा. इथं मात्र नोव्हेंबर ते एप्रिल त्या समितीतले अर्धे सदस्य उसाच्या फडात असतात. बैठकीच्या रजिस्टरवर अंगठे कुणाचे घ्यायचे?

एकाच नावाच्या दोन तालुक्यांची गोष्ट सांगतो. एक शिरूर इथलं, शिरूर कासार. दुसरं पुणे जिल्ह्यातलं, घोडनदीकाठचं. त्या दुसऱ्या शिरूर तालुक्यात वाबळेवाडी आहे. तिथल्या गावकऱ्यांनी शाळेला जमीन दिली, पैसा उभा केला, कंपन्यांची मदत आली, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी लोकांची रांग लागली. त्या शाळेचं कौतुक व्हायलाच हवं. पण ‘त्यांनी केलं, मग तुम्हाला का जमत नाही’ असं जेव्हा या शिरूरच्या सरांना विचारतात, तेव्हा माझा तोल जातो. त्या गावाच्या आसपास कारखानदारी आहे, पुणं हाकेच्या अंतरावर आहे. या गावाकडं विकायला फक्त मनगट आहे, आणि ते सहा महिन्यांसाठी आधीच विकलेलं असतं.

(दृश्य: 15 ऑगस्टचा जुना फोटो. निम्मी मुलं नव्या कपड्यांत, निम्मी विटलेल्या.)

हा फोटो काही वर्षांपूर्वीचा. नीट पाहा. मुली सगळ्या नव्या गणवेशात आहेत. मुलांत मात्र दोन रंग दिसतात, कोरा आणि विटका. कारण मोफत गणवेश सगळ्या मुलींना होता. मुलांपैकी फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्यांना. बाकीच्या मुलांची घरंही काही बंगल्यातली नव्हती. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. म्हणजे ‘गणवेश’, ज्यानं सगळी मुलं सारखी दिसावीत, त्यानंच कोण कुठल्या यादीतलं ते दुरून दिसायचं. कितीतरी शिक्षकांनी खिशातून पैसे घालून उरलेल्यांना कपडे शिवले. कुठल्या अहवालात ते सापडणार नाही.

2023 मध्ये राज्यानं उरलेल्या मुलांनाही गणवेश द्यायचं ठरवलं. उत्तम. पुढच्याच वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ आला. कापड वरून येणार, शिलाई बचत गटांकडं. जून गेला, 15 ऑगस्ट गेला, तरी कितीतरी शाळांत कपडे पोचले नाहीत. जिथं पोचले तिथं कुणाच्या बाह्या कोपरापर्यंत, कुणाची चड्डी पोटरीवर. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं माघार घेतली आणि काम पुन्हा शाळा समित्यांकडं दिलं. व्हॅनमधल्या मुलाचा गणवेश एका दुपारी दुकानातून येतो.

अंड्याचंही तेच. नोव्हेंबर 2023 पासून पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं. न खाणाऱ्याला केळं. अंड्याच्या दिवशी हजेरी कशी असते ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबला. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं सांगण्यात आलं. लोकसहभाग कुठला? लोक तर उसात आहेत.

आणि हा एक रुपया. 1992 पासून पहिली ते चौथीतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळतो. तेव्हा एका रुपयात काहीतरी यायचं. आज गोळी येते. रक्कम वाढवायचं इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही.

(दृश्य: कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा. मागून उसाचे ट्रॅक्टर जाताहेत.)

हे सगळं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढं महात्मा फुल्यांनी मांडलं होतं, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि त्यावर शिकून मोठे होतात ते वरचे वर्ग. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला.

आज त्याच कोल्हापूरच्या फडांत बीडची पोरं पाचटावर खेळताना दिसतात. शाळा वेगळ्या करायला आता हुकूम लागत नाही. फी पुरते.

फेब्रुवारी 2024 मध्ये तर तसा नियमही येऊन गेला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला गरीब मुलांसाठी 25 टक्के जागा ठेवायची गरज नाही. म्हणजे यांची मुलं यांच्या शाळेत, आमची आमच्या. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये तो रद्द केला. डोंगरातल्या या वस्तीला त्या 25 टक्क्यांचा तसाही उपयोग नव्हता. अर्ज भरायच्या दिवसांत आई-बाप फडात, आणि गावात खासगी शाळाच नाही.

(दृश्य: एप्रिल. ऊन. ट्रॉली गावात शिरते.)

पट्टा पडला. कारखाने थंडावले. टोळ्या परतताहेत. काहींची उचल फिटली, काहींची अंगावर राहिली. ती पुढच्या हंगामात ओढली जाईल.

शाळेत परीक्षा चालू आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं. नापास झालं तर जूनमध्ये फेरपरीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. नियमामागचा हेतू वाईट नसेल. पण पेपर काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढं जे मूल आहे, ते वर्षभर एका घरात राहतं, त्याला अभ्यासाला कोपरा आहे, आणि अडलं तर विचारायला कुणीतरी शिकलेलं आहे.

पाचवीच्या वर्गाच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पायाला पाचटानं चिरलेल्या रेघा. सरांनी ‘ये’ म्हटलं. ‘कधी आलीस गं?’

‘राती.’

सरांनी प्रश्नपत्रिका दिली, पेन दिलं. हजेरीपटात तिच्या नावापुढं पाच महिन्यांनी हजेरीची खूण केली.

त्या वर्षी, 2024-25 मध्ये, पुस्तकं चार भागांत आली होती. पहिला भाग तिनं शाळेत संपवला. दुसरा अर्धा झाला तेव्हा ट्रॉली आली. तो सोबत नेला होता, कोपीत भिजला. तिसरा आणि चौथा आजीच्या पेटीत आहेत, लुगड्याखाली. अजून त्यांना छापखान्याचा वास येतो.