बिली वाइल्डर यांचे खुळखुळे

श्रोतेहो, नमस्कार.

हॉलीवूडचे दिग्दर्शक बिली वाइल्डर मुळात लेखक. जन्म 1906चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत. बर्लिनमध्ये बातमीदारी केली, मग पटकथा. 1933 साली हिटलर सत्तेवर आला, आणि ज्यू असलेल्या वाइल्डर यांनी पॅरिस गाठलं. पुढच्या वर्षी हॉलीवूड. इंग्रजी जेमतेम, त्यामुळे जोडीदार घेऊन लिहायची सवय लागली ती कायमची. आधी चार्ल्स ब्रॅकेट, नंतर आय. ए. एल. डायमंड.

हॉलीवूडमध्ये ते दिग्दर्शनाकडे वळले ते चिडून. व्हिसासाठी मेक्सिकोत अडकलेला नायक झुरळाशी बोलतो, असा प्रसंग त्यांनी लिहिला होता. नट चार्ल्स बॉयर म्हणाले, झुरळाशी मी बोलणार नाही. दिग्दर्शकाने मान डोलावली, प्रसंग गेला. हे 1941चं. 1942 साली वाइल्डर स्वतः दिग्दर्शक झाले होते.

आता खुळखुळ्यांकडे येऊ. 1959चा ‘सम लाइक इट हॉट’. गुंडांपासून लपायला दोन वादक बायकांचे कपडे घालून बायकांच्या बँडमध्ये शिरतात. त्यातला एक, जॅक लेमन, एका म्हाताऱ्या लक्षाधीशाबरोबर रात्रभर टँगो नाचतो. पहाटे दुसरा वादक, टोनी कर्टिस, खिडकीतून खोलीत येतो, तर हा पलंगावर लोळतोय, खुशीत. म्हणतो, माझं लग्न ठरलं. मुलगी कोण, तर मीच!

इथे पंचाईत होती. हशा पुढचं वाक्य खातो. नाटकात नट थांबतो, हशा ओसरला की बोलतो. चित्रपट एकदा डब्यात गेला की थांबणार कोण? जागा कमी सोडली तर भरल्या थिएटरात पुढचं वाक्य हशात वाहून जातं. जास्त सोडली तर दुपारच्या खेळाला, वीस माणसांसमोर, नट नुसते एकमेकांकडे बघत उभे.

वाइल्डर यांनी लेमन यांच्या हातात दोन खुळखुळे दिले. लेमन यांना वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं! वाक्य बोलायचं, मग खुळखुळे वाजवत ठुमकायचं, मग पुढचं वाक्य. थिएटर हसत असेल तर खुळखुळे ऐकूच येत नाहीत, काही बिघडत नाही. कोणी हसलं नाही तर खुळखुळेच प्रसंग जिवंत ठेवतात. लक्षात घ्या, वाक्य, खुळखुळा, वाक्य. हशा पुढचं वाक्य खातो, म्हणून मधे असं काहीतरी टाकायचं की जे खाल्लं गेलं तरी चालेल.

आपल्या मालिकांत विनोद झाला रे झाला की ‘टुंग’ वाजतं आणि तोच चेहरा तीनदा दाखवतात. ती जागा भरणं नव्हे, प्रेक्षकाला कोपरखळी मारून हसवणं आहे. आणि त्या ‘टुंग’मुळे घरातला टीव्हीचा आवाज कमी करावा लागतो तो वेगळाच. असो.

पुढच्याच वर्षी ‘द अपार्टमेंट’ आला आणि निर्माता, दिग्दर्शक, सहलेखक म्हणून एकाच चित्रपटासाठी वाइल्डर यांना तीन ऑस्कर मिळाले. पण ‘सम लाइक इट हॉट’चं ते गाजलेलं शेवटचं वाक्य, ‘नोबडीज परफेक्ट’, म्हणजे निर्दोष कोणीच नसतं, सुचलं होतं डायमंड यांना. चांगलं सुचेपर्यंत राहू दे, म्हणून तात्पुरतं टाकलेलं. तेच राहिलं. त्याच्यानंतर वाक्यच नाही, त्यामुळे हशाला खायला काही उरत नाही.