रिपेअर सगळ्यात शेवटी: सेफ क्लस्टरमध्ये बिघडलेली प्रत कशी ओळखायची

आजचा विषय एका ओळीचा आहे. सकाळी ‘सेफ हेल्थ डिटेल’ हा आदेश दिला आणि उत्तर आलं: हेल्थ एरर, एक स्क्रब एरर, पॉसिबल डेटा डॅमेज, पीजी ७.१२ इनकन्सिस्टंट. म्हणजे डेटाच्या एका गठ्ठ्याच्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. उदाहरणाला सात-बारा मुद्दाम घेतलाय, लक्षात राहील. ही ओळ दिसली की बहुतेकांचा हात थेट ‘सेफ पीजी रिपेअर’ या दुरुस्तीच्या आदेशाकडे जातो. तो हात अर्धा तास आवरायचा. त्या अर्ध्या तासात काय करायचं, एवढंच मी आज सांगणार आहे.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. सेफ ही अनेक मशीनवर डेटा वाटून ठेवणारी साठवण यंत्रणा सेज वाईल यांच्या पीएचडीच्या कामातून निघाली. तिच्यावरचा पेपर २००६ चा. विद्यापीठ कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचं, आपल्या पश्चिम रेल्वेवरच्या सांताक्रूझचं नव्हे. नाव सेफॅलोपॉड, म्हणजे ऑक्टोपसच्या कुळावरून आलंय. ‘सुरक्षित’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध नाही, हे आज विशेष लक्षात असू द्या. डेटाचे ऑब्जेक्ट नावाचे तुकडे पडतात, ऑब्जेक्ट पीजी नावाच्या गठ्ठ्यांत जातात, आणि प्रत्येक पीजीच्या सहसा तीन प्रती तीन वेगळ्या ओएसडींवर राहतात. एक ओएसडी म्हणजे ढोबळमानाने एक डिस्क.

या प्रती एकमेकींशी जुळतात का, हे स्क्रब पाहतो. साधा स्क्रब साधारण दिवसातून एकदा होतो आणि फक्त आकार व मेटाडेटा ताडतो. डीप स्क्रब मूळ सेटिंगप्रमाणे आठवड्यातून एकदा होतो आणि अख्खा डेटा डिस्कवरून वाचून काढतो. म्हणून आज सापडलेली चूक आजचीच असते असं नाही, ती सहा दिवसांपूर्वीचीही असू शकते. लॉग चाळताना मागच्या डीप स्क्रबपर्यंत मागे जा. आणि असं आपल्याकडेच कसं झालं, म्हणून हबकू नका. नेटअ‍ॅपच्या साठवण यंत्रणांवरचा एक अभ्यास २००८ साली फास्ट या साठवणतंत्राच्या परिषदेत मांडला गेला. १५ लाख ३० हजार डिस्क ४१ महिने पाहिल्या, तर चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, न जुळण्याच्या चार लाखांवर घटना निघाल्या.

आता पंचनामा. ‘रॅडोस लिस्ट-इनकन्सिस्टंट-ऑब्ज’ या आदेशाला पीजीचा क्रमांक द्या, जेसन-प्रेटी स्वरूपात उत्तर मागा आणि ते फाइलमध्ये साठवून ठेवा. साठवायचं कारण असं की रिपेअर झालं किंवा एखादा ओएसडी खालीवर होऊन पीजीची मांडणी बदलली, की ही माहिती हातची जाते. ‘नो स्क्रब इन्फर्मेशन अव्हेलेबल’ असं उत्तर आलं, तर त्या पीजीचा डीप स्क्रब पुन्हा करा आणि मग विचारा.

उत्तरात ‘शार्ड्स’खाली तीन ओएसडी दिसतील आणि प्रत्येकापुढे त्याच्या चुका. ‘मिसिंग’ किंवा ‘साइझ मिसमॅच’ पाहताक्षणी कळतात. ‘स्टॅट मिसमॅच’ म्हणजे मोजदादीचा घोळ. ती ओळ या यादीत येत नाही, प्रायमरी, म्हणजे तिघांतल्या मुख्य ओएसडीच्या लॉगमध्ये येते, आणि रिपेअरने सुटते. खरं डोकं चालवावं लागतं दोन ठिकाणी: ‘रीड एरर’ आणि ‘डेटा डायजेस्ट मिसमॅच’. डायजेस्ट म्हणजे अख्ख्या ऑब्जेक्टचा चेकसम.

‘रीड एरर’ हा एक शब्द दोन वेगळे आजार झाकतो. एकात डिस्क स्वतः कबूल करते की वाचता येत नाही. त्या मशीनवर ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नलचा लॉग पाहा. ‘क्रिटिकल मीडियम एरर’ किंवा ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ सापडला की गुन्हेगार डिस्क. मग ‘स्मार्टसीटीएल’ने साटा डिस्कचे चार आकडे बघा: ५ क्रमांकाचा रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर, १९७ चा करंट पेंडिंग, १९८ चा ऑफलाइन अनकरेक्टेबल आणि १९९ चा सीआरसी एरर. पहिले तीन चढत असतील तर डिस्कची तबकडी झिजतेय. फक्त १९९ चढत असेल तर आधी केबल आणि बॅकप्लेनचा खाचा तपासा. नवी डिस्क त्याच सैल खाच्यात बसवली तर तीही आठवड्यात बदनाम होते.

दुसरा आजार जास्त वाईट. डिस्क काहीही तक्रार न करता डेटा देते, पण तो डेटा चुकीचा असतो. ब्लूस्टोअर, म्हणजे ओएसडीचा डिस्कवर डेटा ठेवणारा भाग, दर ४ केबीच्या तुकड्याला सीआरसी३२सी चेकसम ठेवतं, वाचताना पडताळतं, आणि न जुळल्यास वर ‘रीड एरर’ म्हणूनच कळवतं. डीमेसेज कोरा असतो. ओएसडीच्या लॉगमध्ये मात्र ‘व्हेरिफाय सीसम, बॅड सीआरसी३२सी’ अशी ओळ असते, तिच्यात ‘गॉट’ आणि ‘एक्स्पेक्टेड’ असे दोन आकडे.

त्यातला ‘गॉट’ नीट वाचा. तो ६७०६बीई७६ असेल तर थांबा. नुसत्या शून्यांनी भरलेल्या ४ केबीचा सीआरसी३२सी नेमका एवढाच येतो. म्हणजे डिस्कवरून कचरा नाही, कोरा कागद आला. लिनक्सच्या काही कर्नलमध्ये मेमरीची ओढाताण आणि स्वॅप सुरू असताना वाचन असं शून्यं परत करायचं. डिस्कवरचा डेटा शाबूतच होता. त्यासाठीच ब्लूस्टोअरमध्ये तीनदा पुन्हा वाचून बघण्याची सोय आली. पुन्हा वाचल्यावर जमलं तर हेल्थमध्ये ‘ब्लूस्टोअर स्प्युरियस रीड एरर्स’ हा इशारा येतो. अशा वेळी डिस्क बदलून काही हाती लागत नाही. त्या मशीनची मेमरी, स्वॅप आणि कर्नलची आवृत्ती पाहावी लागते.

‘डेटा डायजेस्ट मिसमॅच’ आहे पण सोबत रीड एरर नाही, याचा अर्थ शांतपणे लावा. त्या प्रतीचा स्वतःचा चेकसम जुळतोय, फक्त इतर दोघींशी ती जुळत नाही. म्हणजे डेटा ब्लूस्टोअरपर्यंत पोचला तेव्हाच बिघडलेला होता, आणि बिघडलेल्या डेटाचाच चेकसम इमानदारीने काढला गेला. इथे डिस्क निर्दोष धरा. संशय रॅमवर आणि सॉफ्टवेअरमधल्या बगवर. एडॅक, म्हणजे लिनक्सचा मेमरीच्या चुका नोंदवणारा भाग, त्यातले मेमरीदोष तपासा. एकाच मशीनच्या चार-पाच ओएसडींवर चुका विखुरल्या असतील तर डिस्क सोडा आणि रॅम, कंट्रोलर या सामाईक गोष्टी धरा. पाच डिस्क एकाच आठवड्यात ठरवून आजारी पडत नाहीत.

कधी तिन्ही प्रती एकमेकींशी जुळतात, पण ऑब्जेक्टच्या माहितीत नोंदलेल्या डायजेस्टशी एकही जुळत नाही. इथे कोणती प्रत खरी हे सेफ सांगू शकत नाही, ते वापरणाऱ्यालाच विचारावं लागतं. आरबीडी, म्हणजे सेफवरची व्हर्च्युअल डिस्क असेल तर ऑब्जेक्टच्या नावातच पत्ता असतो. ‘आरबीडी डेटा’नंतरचा भाग ‘आरबीडी इन्फो’मधल्या ‘ब्लॉक नेम प्रीफिक्स’शी जुळवला की कोणती इमेज, म्हणजे कोणती व्हर्च्युअल डिस्क, ते कळतं. शेवटचा आकडा षोडशमान पद्धतीतला. तो १२०० असेल तर दशमानात ४६०८. एक ऑब्जेक्ट ४ एमआयबीचा, म्हणजे जागा इमेजच्या सुरुवातीपासून बरोबर १८ जीआयबीवर. तिथे कोणती फाइल आहे ते आतल्या फाइलसिस्टिमवरून शोधा. मजकूर बरोबर असेल तर ती इमेज वापरणारं व्हर्च्युअल मशीन थांबवून ‘रॅडोस गेट’ने ऑब्जेक्ट उतरवा आणि ‘रॅडोस पुट’ने परत लिहा, नवं डायजेस्ट नोंदलं जातं. चुकीचा असेल तर बॅकअप.

एवढं झालं की रिपेअर. भीती कुठून आली तेही सांगतो. ब्लूस्टोअरच्या आधीच्या फाइलस्टोअरला स्वतःचे चेकसम नव्हते आणि जुनं रिपेअर प्रायमरीची प्रत बाकीच्यांवर उमटवायचं. प्रायमरीच खराब असेल तर दोन चांगल्या प्रती आपल्या हातानेच गेल्या. ब्लूस्टोअर सेफच्या २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून मूळ निवड झालं, आणि फाइलस्टोअर २०२३ च्या रीफ आवृत्तीत काढूनच टाकलं. आता चेकसम न जुळणारी प्रत बाजूला पडते. जुन्या क्लस्टरात एखादा फाइलस्टोअर ओएसडी उरलाय का, हे मात्र आधी बघा.

‘आदेश दिला, पण रिपेअर सुरूच होत नाही’, ही नेहमीची तक्रार. आदेश फक्त रांगेत लागतो. पीजीच्या सगळ्या ओएसडींवर स्क्रबची जागा मोकळी लागते, आणि रिकव्हरी चालू असेल तरीही थांबावं लागतं. ‘नोस्क्रब’ आणि ‘नोडीप-स्क्रब’ हे झेंडे लावा, चालू स्क्रब संपू द्या, रिपेअर द्या, संपल्यावर झेंडे काढा. काढायचे विसरलात तर हेल्थमध्ये झेंड्यांचा इशारा तेवढा राहील, पण नव्या चुका दिसणार नाहीत, कारण तपासायलाच कोणी नसेल. रिपेअरनंतर त्याच पीजीचा डीप स्क्रब हाताने करून घ्या.

डिस्कच दोषी ठरली तर ‘सेफ ओएसडी आउट’ करून डेटा हलू द्या आणि ‘सेफ-टू-डिस्ट्रॉय’ने हो म्हटल्यावरच ट्रे ओढा. तोवर ती चालू राहू दे. तिच्यावरचा एखादा सेक्टर गेलाय, तिच्यावरच्या बाकीच्या प्रती शाबूत आहेत. हलवाहलव सुरू असताना दुसऱ्या एखाद्या डिस्कवर वाचन अडलं तर ती प्रत हिच्यावरूनच मिळते.