शेत सापडतं, पब हरवतो

(दृश्य: डोंगरउतार, छप्पर नसलेलं दगडी घर, आत वाढलेले नेचे)

असल्या पडक्या घराला इथे थोल्टन म्हणतात. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर अशी घरं चढणीचढणीला दिसतात. 1820च्या दशकात इथली बरीच कुटुंबं बोटीत बसून अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलंडकडे गेली. त्यांचे वंशज आज मूळ घर शोधत येतात, तेव्हा कित्येकदा हाताशी एवढंच असतं : घराण्याचं आडनाव आणि शेताचं नाव.

शेताचं नाव असलं, तर अर्धं काम झालं म्हणा.

(दृश्य: जुनी हस्तलिखित वही, पानावरून सरकणारं बोट)

बेटाचे पॅरिश, म्हणजे चर्चवार पाडलेले विभाग, सतरा. पॅरिशात ट्रीन नावाचे जमिनीचे जुने विभाग, ट्रीनमध्ये साधारण चार क्वार्टरलँड. क्वार्टरलँड म्हणजे एका कुळाने कसायचं मोठं शेत, आणि त्याचा खंड जायचा बेटाच्या लॉर्डकडे, म्हणजे जमिनीच्या धन्याकडे. या खंडाच्या वह्यांतली सगळ्यात जुनी 1511ची. दुसऱ्या वह्यांत जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते लिहिलेलं. म्हणजे आपला सातबारा आणि फेरफारच की! 1704च्या कायद्याने खंड कायम झाला, वारसाहक्क पक्का झाला, आणि तेच घराणं त्याच बांधावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलं.

केली, क्वेल, कॉर्लेट ही आडनावं गावोगाव. एकाच पॅरिशात एकाच नावाचे चार जॉन केली, मग आपला कोणता? इथे बायका मदतीला येतात. जुन्या मॅन्क्स, म्हणजे या बेटावरच्या, नोंदींत लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव जात नाही. ‘मार्गारेट केली उर्फ क्वेल’ असं लिहीत, थडग्याच्या दगडावरसुद्धा. कोणत्या जॉनची बायको क्वेलांची, ते कळलं की वाट मोकळी.

पुढे जेम्स वूड्सचा 1867चा नकाशासंग्रह उघडायचा. पॅरिशवार नकाशे, शेतांची नावं, हद्दी. त्यावर आजचा नकाशा ठेवला की अंगणापर्यंत पोचता येतं. चढावरची घरं मात्र बहुतेक गायरान फोडून काढलेल्या तुकड्यांवर उभी. त्यांच्या नोंदी वेगळ्या, आणि भाड्याने राहणाऱ्या मजुराचं नाव त्यांतही असेलच असं नाही.

(दृश्य: बेटाची राजधानी डग्लस, तिथला धक्का, जुन्या गल्ल्या)

पबची गोष्ट निराळी. ‘पणजोबांचा डग्लसच्या धक्क्याजवळ पब होता’ असं घराघरात सांगतात. पण पब म्हणजे पुष्कळदा राहत्या घराची पुढची खोली. चालवणारा बदलला की पाटी बदलते, पाटीवरचं नाव दुसऱ्या गल्लीत जातं. त्यात 1870च्या दशकात व्हिक्टोरिया स्ट्रीट काढताना जुन्या वस्तीतून रस्ता गेला आणि काही गल्ल्याच उरल्या नाहीत.

म्हणून पबच्या नावामागे धावायचं नाही, माणसामागे जायचं. 1824च्या पिगॉटच्या व्यापारी डिरेक्टरीत पब चालवणाऱ्यांची नावं आहेत. मग 1841पासूनची जनगणना. गणना करणारा दारोदार चालत गेलेला, तेव्हा यादीत आपल्या माणसाच्या वर कोण, खाली कोण, ते आधी टिपायचं. त्या शेजाऱ्यांपैकी एकाचंही घर नकाशावर पक्कं झालं, तर पब कोणत्या बाजूला ते समजतं. उरलेलं काम मॅन्क्स म्युझियमच्या वाचनालयात, घरांच्या खरेदीखतांवर. त्यांत चतुःसीमा लिहिलेली असते, आणि त्या चतुःसीमेत पुन्हा शेजारीच.