रिजेक्ट जॉब भट्टीत टाकण्याआधी

(कोल्हापुरातल्या फाउंड्र्यांमध्ये नव्याने लागलेल्या सुपरवायझर आणि मोल्डरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की आपलं उद्यमनगर, पाळी संपताना कोपऱ्यात रिजेक्ट जॉबचा, म्हणजे नापास झालेल्या ओतीव नगांचा, ढीग असतोच. दुसऱ्या दिवशी तो चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत वितळवायच्या मालात, जातो. लोखंड परत मिळालं म्हणून कुणी फार हळहळत नाही. पण इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते, ती गेली. वाळू, कोअर (जॉबमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा), मजुरी गेली. शिवाय चूक कशी झाली याचा पुरावाही त्या ढिगाबरोबर वितळला, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तेच.

म्हणून आधी दोष नीट ओळखा. भोक दिसलं की 'ब्लो आला', म्हणजे वायूनं भोक पाडलं, म्हणायची आपल्याकडे सवय आहे. वायूमुळे पडलेल्या भोकाची आतली भिंत गुळगुळीत असते. श्रिंकेजची, म्हणजे धातू गोठताना आकसल्यानं झालेली, पोकळी खडबडीत, दातेरी असते आणि जाड भागात किंवा दोन भिंती मिळतात तिथे सापडते. वाळू पडली असेल तर आकार वेडावाकडा असतो आणि आत कण अडकलेले दिसतात. श्रिंकेजला ब्लो समजलात की तुम्ही वाळूतला ओलावा कमी करणार. वाळू कोरडी झाली की साच्याच्या कडा ढासळणार आणि उद्या वाळू पडल्याचं रिजेक्शन येणार. मूळ दोष जागच्या जागी, कारण तिथे रायझरची (आकसणाऱ्या जॉबला धातू पुरवणाऱ्या साठ्याची) मान लवकर गोठत होती. जॉब कापा, दहापट भिंगातून बघा, आणि हे सगळं शॉट ब्लास्टिंगच्या (छऱ्यांच्या माऱ्यानं जॉब साफ करण्याच्या) आधी करा. ब्लास्टिंगमध्ये चिकटलेली वाळू आणि स्लॅग (वितळलेल्या धातूवरची मळी) उडून जातात, मग अंदाजच बांधत बसावं लागतं.

आता नोंदीकडे येऊ. 'आज 14 रिजेक्ट' ही नोंद हिशेबाला पुरते, शिकायला पुरत नाही. हीट नंबर (भट्टीतल्या कितव्या वितळणीचा जॉब), लॅडलमधून (धातू ओतायच्या भांड्यातून) कितव्या नंबरला तो साचा ओतला, पहिल्या आणि शेवटच्या साच्याचं तापमान, वाळूचा ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दाबली जाते), आणि इनॉक्युलंट (बीड पांढरं, कडक होऊ नये म्हणून मिसळायचं द्रव्य) टाकल्यापासून ओतेपर्यंत गेलेली मिनिटं, एवढं लिहा. साच्यांवर खडूनं क्रमांक घाला. क्रमांक असला की ढीग बोलू लागतो. शेवटच्या साच्यांतले जॉब वाया जात असतील तर तापमान उतरलंय किंवा इनॉक्युलेशनचा असर ओसरलाय. असर ओसरला की पातळ कडा पांढऱ्या, कडक होतात आणि मशीन शॉपवाले टूल मोडल्याची तक्रार घेऊन येतात. पॅटर्नच्या (साचा उठवायच्या नमुन्याच्या) एकाच कॅव्हिटीत, म्हणजे नगाच्या एकाच जागेत, दोष येत असेल तर पॅटर्न, गेटिंग (धातू आत जायच्या वाटा) नाहीतर व्हेंट (वायू बाहेर जायची भोकं) बघा. दोष कुठेही, कसाही विखुरलेला असेल तर वाळू आणि कोअर तपासा.

कारणाचा अंदाज आला की बदल करायचा, पण एका वेळी एकच. रिजेक्शन वाढलं की प्रत्येकजण काहीतरी बदलतो: एक पाणी कमी करतो, दुसरा वाळूतली कोल डस्ट (कोळशाची पूड) वाढवतो, तिसरा तापमान 20 अंशांनी चढवतो. दोन दिवसांनी रिजेक्शन उतरतं आणि कशामुळे ते कुणालाच सांगता येत नाही. शिवाय तापमान चढवल्यानं वायूचा दोष कमी झाला, तरी आकुंचन आणि वाळूत धातू शिरणं वाढू शकतं. जुन्या आणि नव्या पद्धतीचे साचे एकाच हीटमध्ये आलटून पालटून ओता. सकाळी जुने आणि दुपारी नवे असं करू नका. दुपारपर्यंत परतीची वाळू तापलेली असते, तिच्यातलं पाणी उडत राहतं आणि वाळू बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती हवं तसं काम करत नाही. मग तुलना पद्धतींची राहत नाही, गार आणि गरम वाळूची होते.

आणि निकाल लावायची घाई नको. एरवी 5 टक्के रिजेक्शन असणाऱ्या जॉबचे 20 साचे ओतले, प्रत्येकात एकच नग, आणि सगळे चांगले निघाले, तर आपण पेढे वाटायला निघतो. पण काहीही न बदलता असं होण्याची शक्यता एकतृतीयांशाहून जास्त आहे. सलग 60 चांगले निघाले तर ती शक्यता 5 टक्क्यांच्या खाली येते. तिथून पुढे बदलावर विश्वास टाकायला हरकत नाही.

माणसांबद्दल एकच सांगतो. रिजेक्शनचे पैसे मोल्डरच्या मजुरीतून कापले, चारचौघांत त्याला बोल लावले, तर पुढचा खराब जॉब वाळूच्या ढिगाखाली जातो. वही स्वच्छ दिसते आणि खोटी होते. 'कुणी केलं' याआधी 'कोणत्या साच्यात, कितव्या नंबरला' हे विचारा.

हे झालं शॉपचं. स्वतःच्या प्रगतीसाठी एक वेगळी वही ठेवा. जॉब कापण्याआधी आपला अंदाज तिच्यात लिहा, शाईनं. मग जॉब कापा आणि खरं कारण शेजारी लिहा. आधी लिहिणं महत्त्वाचं, कारण उत्तर दिसल्यावर 'मला वाटलंच होतं' असं प्रत्येकाला वाटतं. महिन्याभरात आपला कल उघडा पडतो. कुणी प्रत्येक वेळी वाळूला दोष देत असतो, कुणी फर्नेसवाल्याला. जिथे अंदाज वारंवार चुकतो, त्या दोषाचा कापलेला तुकडा हीट नंबरच्या चिठ्ठीसकट रॅकवर ठेवा आणि पुढचा तसा जॉब आला की आधी तो हातात घ्या.

सुरुवात सगळ्या जॉबांवर करू नका. ज्याचं रिजेक्शन सर्वात जास्त, तो एकच निवडा. उद्याच्या पहिल्या हीटला खडू आणि वही लॅडलजवळ असू द्या, आणि ओतणाऱ्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून क्रमांक दुसऱ्या माणसाला लिहायला सांगा.