विचारू नकोस

(दृश्य : सोल शहर, हिवाळ्यातली रात्र. जोंगनो साम-गा मेट्रो स्टेशनाबाहेर ताडपत्रीच्या आडोशाला चालणाऱ्या खाण्यापिण्याच्या टपऱ्या. कढईतून वाफ निघतेय.)

कोरियन भाषेत एक शब्द आहे, ‘मुत्जिमा’. अर्थ अगदी साधा : विचारू नकोस. रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसाला कुणी बेदम मारलं, की तिथली वर्तमानपत्रं बातमीला हाच शब्द डकवतात. ‘मुत्जिमा’ मारहाण. का मारलं, विचारू नका. कारणच नाही म्हणे. आपल्याकडे ‘किरकोळ कारणावरून मारहाण’ असं छापून येतं, त्यातलाच प्रकार. आपल्याकडे निदान किरकोळ का होईना, कारण तरी असतं!

जोंगनोमध्ये समलिंगी पुरुषांवर झालेल्या एका हल्ल्यालाही हेच लेबल लागलं. त्या घटनेतून २०१२ साली एक चित्रपट उभा राहिला. नाव ‘बेग्या’. म्हणजे पांढरी रात्र, ध्रुवाजवळच्या प्रदेशात सूर्य मावळतच नाही, ती. दिग्दर्शक ईसोंग ही-इल.

(दृश्य : थापगोल उद्यानाचं फाटक. मग नाग्वोन इमारतीतली वाद्यांची दुकानं, काचेआड टांगलेल्या गिटारी.)

आधी ही जागा बघू. हे थापगोल उद्यान. १ मार्च १९१९ला इथंच जपानी राजवटीविरुद्धचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. शाळेच्या सहलीत मुलांना दाखवतात, तो हा कोपरा. दिवसा इथं म्हातारी माणसं बाकांवर बसून वेळ काढतात. रस्ता ओलांडला की वाद्यांचा बाजार. आणि त्यामागच्या गल्ल्यांमध्ये कित्येक दशकांपासून समलिंगी पुरुषांचे लहान लहान बार. पाटीवरून काही कळत नाही. ज्याला ठाऊक आहे, तो बरोबर येतो. ज्याला मारायचंय, त्यालाही ठाऊक असतंच. म्हणून तर तो इथं येतो. आता सांगा, यात ‘विनाकारण’ काय आहे?

(दृश्य : रात्रीचा रिकामा रस्ता. दूरवर एका मोटारसायकलचा दिवा.)

चित्रपटाचा नायक वॉन-ग्यू विमानात कर्मचारी आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर हल्ला झाला आणि त्यानं देश सोडला. आता तो सोलमध्ये परत आलाय, फक्त एका रात्रीपुरता. त्या रात्री त्याला भेटतो ते-जुन, मोटारसायकलवरून पार्सलं पोचवणारा एक पोरगा. सोलमध्ये या धंद्याला ‘क्विक सर्व्हिस’ म्हणतात. ओळख इंटरनेटवरची. दोघांच्या मनात रात्रीचा बेत एकच असावा, अशी ते-जुनची समजूत. वॉन-ग्यूच्या मनात मात्र वेगळंच काहीतरी खदखदतंय.

ते-जुनचं काम करणारा नट आहे ई ई-ग्यॉन्ग. कोरियन मालिकांचा नाद असलेल्यांनी त्याला २०२४च्या ‘मॅरी माय हजबंड’मध्ये पाहिलं असेल. तोच, जिच्या जिवावर जगला तिच्याच मुळावर उठलेला नवरा. त्याच माणसाचा इथला कोवळा, भांबावलेला चेहरा बघताना जरा गंमत वाटते.

वॉन-ग्यू मात्र आवडावा असा माणूस नाही. तुसडा आहे, तुटक बोलतो, समोरच्याला टोचून बोलायलाही कमी करत नाही. माझ्या मते चित्रपटाचं बळ इथंच आहे. मार खाल्लेला माणूस गरीब गायीसारखा दाखवला, की प्रेक्षकाला हळहळणं सोपं जातं. ईसोंग ही-इल ती सोय ठेवत नाही. जखमेवर खपली धरलीय आणि हा माणूस सारखा ती खाजवतोय, हे बघताना वैताग येतो. तो यावाच.

पण मग त्यानं दोन वर्षांपूर्वी दाद का मागितली नाही?

(दृश्य : २००० सालच्या वर्तमानपत्रांची पानं. मग गणवेशातल्या तरुण सैनिकांची रांग.)

थोडं मागं जाऊ. २००० साली हॉन्ग सॉक-चॉन या टीव्ही नटानं आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं आणि त्याची कामं पटापट बंद झाली. देशानं हे पाहिलं होतं. कोरियात सामान्य नागरिकांचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, पण जवळजवळ प्रत्येक तरुणाला सक्तीनं लष्करात जावं लागतं, आणि लष्करी कायद्यात अशा संबंधांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. भेदभावविरोधी कायद्याचा मसुदा २००७ साली सरकारनं आणला, तेव्हा त्यातून ‘लैंगिक कल’ हे शब्दच गाळले गेले. पुराणमतवादी ख्रिस्ती चर्चसंस्थांचा दबाव होता. तो कायदा पुढंही संमत झाला नाही. अशा ठिकाणी पोलीस चौकीत जाऊन ‘मला का मारलं’ हे सांगायचं, म्हणजे घरी आणि नोकरीवर स्वतःबद्दलही सांगायचं. मारणाऱ्यांचा हिशेब पक्का असतो. हा तोंड उघडणार नाही, हे ते धरूनच चालतात.

(दृश्य : पुन्हा रात्र. रस्त्यावरून चालणारे दोघे, मध्ये हातभर अंतर.)

वॉन-ग्यूला त्या हल्लेखोरांमधला एक जण हवाय. तो सापडला तर काय करायचं, हे त्यानं ठरवलेलं आहे, आणि असल्या बेतांचं जे होतं, तेच याचंही होतं. पुढचं इथं सांगत नाही. सूडाचा हा भाग मला जरा घाईचा वाटला. त्यापेक्षा मनात राहतं ते आधीचं आणि नंतरचं चालणं. हा चित्रपट पाऊण भाग तरी चालतच असतो. थंडीत, निऑनच्या पाट्यांखाली, एक पुढं, एक मागं. ते-जुनला निघून जायला कितीदा तरी निमित्त मिळतं. मोटारसायकल त्याची स्वतःची आहे.

‘बेग्या’ फक्त पंचाहत्तर मिनिटांचा आहे. २०१३ साली बर्लिन महोत्सवाच्या पॅनोरामा विभागात तो दाखवला गेला. त्याआधी २००६च्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटानं दिग्दर्शकाचं नाव झालंच होतं. स्वतः समलिंगी असल्याचं न लपवणाऱ्या कोरियन दिग्दर्शकांमध्ये तो अगदी पहिल्या फळीतला.

(दृश्य : जोंगनो, पहाट. टपरीवाली बाई ताडपत्री गुंडाळतेय.)

सकाळी वॉन-ग्यूचं विमान आहे. ही रात्र संपली की तो पुन्हा गणवेश घालून प्रवाशांना पट्टे बांधायला सांगणार. त्याआधी या गल्लीत त्याच्यासोबत एक असा माणूस चालतोय, ज्याला दोन वर्षांपूर्वी इथं काय घडलं हे माहीत झालंय. आणि त्यानं अजून मोटारसायकल सुरू केलेली नाही.